घोट्यावरचा घट्टा

मंगळवारी साडेदहाला, विगनमधल्या मेथडिस्ट हॉलमध्ये
खुर्च्या भिंतीशी रचून ठेवल्या की
जमिनीवर आम्ही अकराजण.
रेडिएटर ठकठकतो, तापत मात्र नाही.
थेल्मा, जिने सत्तावीस वर्षं डबलडेकर चालवली,
पाय एकावर एक चढवते, तळवे आभाळाकडे,
आणि म्हणते, "आता पद्मासना."
शेवटचा आकार जास्तीचा,
नको म्हटल्यावर वाढलेल्या पोळीसारखा.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे.
मी म्हणजे जणू मूळ प्रत.

माझा उजवा गुडघा धातूचा आहे.
फिजिओ मुलीने कोनमापक लावून सांगितलं,
एकशे दहा अंश. पुढे हट्ट नको.
म्हणजे एकशे दहा अंशांपर्यंत मी
मांडी घालणाऱ्यांच्या गावची;
उरलेले अंश खुर्चीचे.

मिरजेच्या शाळेत, शहाबादी फरशीवर बसून बसून
डाव्या घोट्याच्या हाडावर घट्टा पडला होता,
चिंचोक्याएवढा, तसाच काळसर.
पंगत, पाढे, पत्ते, भांडणं,
सगळं त्या चिंचोक्यावर तोलून.
पद्मासन असं वेगळं कोणी शिकवलं नाही.
दगडे बाई पट्टी घेऊन मागून फिरायच्या:
पाठ ताठ! डोळे मीट! काय बघतेस?
आणि डोळे मिटले की
कुणाच्या तरी डब्यातला लसणीच्या चटणीचा वास
सरळ आत, बेंबीपर्यंत.
याला ध्यान म्हणत असतील
तर तेव्हा मला ते येत होतं.

इथे आले. पस्तीस वर्षं भूल दिली.
म्हणायचे, दहापासून उलटं मोजा.
सातच्या पुढे फारसं कोणी गेलं नाही.
उंच स्टुलावर बसून त्यांचे श्वास मोजले,
रात्रपाळ्या संपल्या, माझे मोजायचे राहिले.
घट्टा कधी विरला, कळलं नाही.
एकदा आंघोळीत हात गेला, तर कातडी मऊ,
दुसऱ्याच कुणाच्या पायाची.

कोपऱ्यात विल्फ फेअरहर्स्ट. वय चौऱ्याऐंशी.
तो मॅट घेत नाही, मांडी घालत नाही.
उकिडवा बसतो,
एस्टीची वाट बघणाऱ्या माणसासारखा,
आणि तास संपेपर्यंत तसाच.
थेल्मा त्याला काही सांगायला जात नाही.
खाणीत थर दोन फुटांचा, डबासुद्धा असाच खायचा.
हातांवर निळ्या रेघा:
जखमेत कोळसा राहिला, वरून कातडी आली.
त्याचं काहीच विरलेलं नाही.

परवा चहाच्या वेळी विचारलं,
डोळे मिटून तू करतोस काय?
बिस्किट बुडवलं, गळून पडायच्या आत तोंडात टाकलं.
"एकदा दिवा गेला. सोबतचा दुसरा आणायला गेला.
हलायचं नाही, एवढंच ठरलेलं.
पाणी ठिबकत होतं कुठेतरी. ऐकत बसलो."
किती वेळ?
"कोण जाणे. अजून तेच ऐकतो, डॉक्टर.
थेल्मा घंटी वाजवते, तेव्हा वाटतं, आला दिवा घेऊन."

हॉलच्या मागे तळं आहे,
खाण खचली तिथे साचलेलं.
चिखल भरपूर. कमळ एकही नाही.
बदकं, आणि कुणी ढकललेली बाजाराची ट्रॉली,
चाकं वर करून.

आज मी रचलेल्यांतली एक खुर्ची ओढली.
उजवा पाय जमिनीवर, एकशे दहाच्या बराच अलीकडे.
डावा अजून चढतो. चढवला.
घोट्याचं हाड मांडीत रुतलं, ओळखीचं दुखलं.
कोणी बघत होतं का, पाहिलं नाही.
दहा म्हटलं. नऊ. आठ.
रेडिएटर ठकठकत होता, की ठिबकत होता.
सात.

बराच वेळ सात.

मग सहा.